शिक्का वाचायचाय? मग आधी तो पॉलिश पेपर खाली ठेवा!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या लष्करी वस्तूंच्या संग्रहावरचा लेख वाचला. विषय मस्त होता, पण दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी वस्तूंवरचे पुसट शिक्के वाचायला "हलक्या हाताने पॉलिश पेपर मारा" असा जो सल्ला दिलाय ना, तो वाचून डोक्याला हातच लावला. अहो, जे उरलंसुरलं आहे तेही जाईल की! एकदा कडा घासल्या गेल्या की संपलं, मग कितीही मोठा जाणकार आणा, तो तरी काय वाचणार.

त्यापेक्षा खोलीत अंधार करा, टॉर्च वस्तूच्या अगदी लगत आडवा धरा आणि बाजू बदलत फोटो काढत जा. एका फोटोत उभी रेघ दिसेल तर दुसऱ्यात आडवी, कारण उजेडाच्या दिशेनेच जाणारी रेघ सावली टाकत नाही. जपानी लिपीत तीनचा आकडा म्हणजे तीन आडव्या रेघा आणि दोनचा म्हणजे दोन, त्यामुळे एक रेघ चुकली की सगळंच चुकलं.

आणि एवढं करूनही शंका राहिलीच तर वस्तूलाच विचारायचं. 'नाम्बू' नावाच्या जपानी टाइप १४ पिस्तुलाचं घ्या, त्यावर शोवा काळाचं अक्षर (जपानमध्ये वर्षं सम्राटाच्या राजवटीनुसार मोजतात, शोवा म्हणजे १९२६ पासूनची राजवट), मग वर्ष, टिंब आणि महिना असा शिक्का असतो, आकडे आपल्या ओळखीचे इंग्रजीच. वर्षात १९२५ मिळवले की झालं. आता वर्षाचा शेवटचा आकडा झिजलाय, १३ आहे की १८ कळत नाही, म्हणजे १९३८ की १९४३? मग ट्रिगरभोवतीचं कडं बघा. हातमोजा घालून बोट जावं म्हणून ते १९३९ च्या शेवटाकडे मोठं केलं गेलं, त्यामुळे छोटं गोल कडं असेल तर वर्ष १३ धरायला हरकत नाही. घासायची गरजच काय?

मॉडेलच्या नंबरात मात्र भलेभले गंडतात. टाइप ३८ रायफलमधले ३८ हे मेजी काळाचं वर्ष, म्हणजे १९०५. टाइप १४ हे ताइशो काळाचं, म्हणजे १९२५. आणि टाइप ९९ तिसऱ्याच, जपानच्या पहिल्या सम्राटापासून मोजलेल्या कालगणनेतलं, २५९९ चे शेवटचे दोन आकडे, म्हणजे १९३९! अनुक्रमांकाच्या बाजूच्या छोट्या गोलातलं अक्षर तर सिरीजचं असतं, त्याचा क्रमसुद्धा हल्लीच्या जपानी वर्णमालेचा नाही, इ-रो-हा अशा जुन्या अक्षरक्रमाचा.

रायफलवरचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल बऱ्याचदा खरवडलेलं दिसतं, त्याला लेखात "खराब झालेला नमुना" म्हटलंय. ती झीज नाहीये हो! ते सम्राटाचं चिन्ह, १९४५ च्या शरणागतीनंतर शस्त्रं ताब्यात देताना ते मुद्दाम घासून काढलं जायचं. म्हणजे ते ओरखडे हाच पुरावा, आणि आपण त्यावर पॉलिश मारून मोकळे.

तलवारीचं तर विचारूच नका. मुठीच्या आत जो पात्याचा भाग असतो, त्यावर घडवणाऱ्याची सही किंवा शिक्का असतो आणि तिथला गंज मुद्दाम तसाच ठेवतात, कारण त्या गंजाच्या रंगावरून जाणकार पात्याच्या वयाचा अंदाज बांधतात. सही उतरवायची तर वर पातळ कागद ठेवून काळी कांडी घासतात, कागदावर, लोखंडावर नाही.

मोबाइलच्या ट्रान्सलेट ॲपवरही फार विसंबू नका, अर्धवट रेघांवरून ते काहीही ठोकून देतं. शिवाय त्या काळात आडवा मजकूर बहुतेक उजवीकडून डावीकडे लिहायचे, म्हणजे ॲप सुरुवातच उलट्या टोकाकडून करणार. सैनिकाला निघताना दिलेल्या, सह्यांनी भरलेल्या झेंड्यावरची शाई फिकी पडली असेल तर तो धुवू नका, इन्फ्रारेड फोटो काढून बघा, त्या शाईत काजळी असते त्यामुळे अक्षरं बऱ्याचदा उठून दिसतात. त्यातलं एखादं नाव नीट लागलं तर झेंडा घरच्यांपर्यंत पोचूही शकतो, अमेरिकेत ओरेगनमधल्या अस्टोरियाची ओबोन सोसायटी हेच काम करते.

तेव्हा कृपया पुढच्या रविवारी पॉलिश पेपरबद्दल दोन ओळींचा खुलासा तेवढा छापा, आणि शक्यतो लेख आला होता त्याच पानावर, कोपऱ्यात नको.

आपला,
एक नियमित वाचक