साठी उलटल्यावर बांधलेलं घर

डर्बी, सोमवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल हार्डविक हॉल पाहून आले. तिथलं भरतकाम बघताना सारखी तुझी आठवण येत होती, म्हणून आजच लिहायला बसले.

इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं टेकडीवरचं हे घर एका बाईने बांधलंय. शूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, पण सगळे तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात. लग्नं चार झाली. १५९० मध्ये चौथा नवराही गेला आणि त्याच वर्षी, साठी उलटलेली असताना, तिने हे काम काढलं. १५९७ मध्ये राहायला आली. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात, पण पैसा, जागा आणि हौस तिचीच.

समोरून भिंत कमी आणि काचच जास्त दिसते. तेव्हा काच फार महाग, म्हणून खिडक्यांवरूनच ऐपत कळायची. खिडक्यांना जागा मिळावी म्हणून धुराडी आतल्या भिंतींतून वर नेलीत. वर जावं तसे मजले उंच होत जातात: तळाशी नोकरचाकर, मधे घरची माणसं आणि सर्वात वर मानाचे पाहुणे. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर तिची आद्याक्षरं, ई आणि एस, दगडात कोरून आभाळावर उभी केलीत. मला ती फार आवडली!

आता तुझ्या आवडीचं. वरच्या लांबलचक दालनात बायबलमधल्या गिडियन या वीराच्या कथेचे तेरा प्रचंड विणलेले पडदे आहेत. ते तिने क्रिस्टोफर हॅटन या एलिझाबेथ राणीच्या दरबाऱ्याच्या वारसाकडून जुनेच घेतले. त्यांवर हॅटनचं कुलचिन्ह होतं. त्यावर तिने आपलं कुलचिन्ह रंगवलेलं कापड लावून घेतलं आणि त्याच्या हरिणीला शिंगं जोडून आपल्या घराण्याचा काळवीट केला. किती हिशेबी बाई! या पडद्यांची डागडुजी चोवीस वर्षं चालली, २०२३ मध्ये संपली.

त्याहून मला भावले ते जुन्या कथा-इतिहासातल्या थोर स्त्रियांच्या चित्रांचे, भिंतीवर टांगायचे पडदे. पेनेलपी, लुक्रिशिया, झिनोबिया अशा एकेकीचं माणसाएवढं चित्र. चर्चमधल्या धर्मगुरूंचे जुने जरीचे झगे कापून, त्यांचे तुकडे एकमेकांवर लावून हे काम केलंय. जवळ गेलं की झग्यांवरची मूळची नक्षी पेनेलपीच्या कपड्यांत ओळखू येते. हे काम या घराच्या आधीचं; चौथा नवरा हयात असताना त्याच्याशी बिनसलं तेव्हा यावरूनही वाद झाला. बेसचं म्हणणं, बहुतेक काम माझ्याच घरच्या गड्यांनी, बायकांनी आणि पोरांनी केलंय, भरतकाम करणारा कारागीर एका वेळी एकापेक्षा जास्त कधीच नव्हता. मला तिचंच खरं वाटतं. मोठ्या चित्रांचे टाके काही ठिकाणी एका हाताचे वाटत नाहीत.

खिडक्या इतक्या मोठ्या, पण कापड विटू नये म्हणून आत उजेड आवरून ठेवतात. त्यामुळे फोटो जरा अंधारे आलेत. सुशांतच्या फोनवर पाठवलेत, त्याच्याकडून मोठे करून बघ. पेनेलपीच्या बाहीवरचा टाका कोणता ते मला ओळखता आला नाही, तू सांग.

काकांना नमस्कार.

तुझी,
मुक्ता