स्लो सायकल, रुबेन्स आणि तुझा बाबा

चिऊ,

रविवारी फोनवर तू ऑफिसचं सांगत होतीस, सहा महिने तू केलेलं काम आता दुसराच कोणीतरी क्लायंटसमोर मांडणार कारण त्याचं प्रमोशन अडलंय आणि टीमच्या दृष्टीनं ते बरं, तेव्हा मी म्हणलं जाऊ दे गं, असतं असं. तर तू हसलीस आणि म्हणलीस, "सवय आहे मला बाबा, तिसरी-पाचवीपासून आहे." आणि लगेच पुण्याच्या पावसाचं काढलंस. तुला वाटलं असेल म्हाताऱ्याला कळलं नाही. कळलं. रात्री झोप लागली नाही, आईला सांगितलं ॲसिडिटी झालीय.

फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहितीय, म्हणून लिहितोय. मोठं होईल, जेवताना वाच.

सुरुवात २००२ च्या मे महिन्यापासून करतो. १२ मे, रविवार. तुम्हा दोघांना सुट्टी, बाहेर असलं ऊन की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आपण तिघं त्या जुन्या टीव्हीपुढं भडंगाचं पातेलं घेऊन बसलेलो. फॉर्म्युला वनची ऑस्ट्रियाची रेस, आपल्याकडं संध्याकाळी साडेपाचला सुरू. तू रुबेन्सची, म्हणजे बॅरिकेलोची, सोन्या शूमाकरचा, दोघं फेरारी टीमचेच. तू रुबेन्सची का, तर तो हसतो म्हणून, एवढंच कारण होतं तुझं. आणि त्या दिवशी तुझा रुबेन्स खरंच भारी चालवत होता, पोल त्याची, म्हणजे सुटतानाच सगळ्यात पुढं, ७१ लॅपची, म्हणजे फेऱ्यांची रेस, मधी गाडी थांबवायच्या पिटस्टॉपचं थोडं इकडंतिकडं सोडलं तर सगळी त्याच्याच हातात. मधी ती सातोच्या गाडीत हायडफेल्डची गाडी घुसली तेव्हा आई स्वयंपाकघरातनं धावत आली, पोरांना असलं काय दाखवताय म्हणून ओरडली, आठवतंय?

मग शेवटचा लॅप, शेवटचं वळण, रुबेन्स पुढं. सरळ रस्त्याला लागला, समोर फिनिश लाइन, आणि गाडी हळू झाली. तू म्हणलीस पेट्रोल संपलं. मला कळलं होतं, पण मी काही बोललो नाही. शूमाकर बाजूनं गेला आणि ०.१८२ सेकंदानं जिंकला. पब्लिकनं असली बोंब मारली की आपल्या टीव्हीचा स्पीकर खरखरला. वर स्टेजवर शूमाकर स्वतःच ओशाळला, रुबेन्सला वरच्या पायरीवर ढकलला, मिळालेली ट्रॉफी त्याच्या हातात दिली. तू पातेल्यात हात घालून तशीच बसली होतीस. आणि मी उठून टीव्हीला चप्पल मारली. आईनं ती चप्पल अजून माफ केलेली नाही.

रुबेन्सला रेडिओवरनं शूमाकरला पुढं सोडायला लावणाऱ्या त्या ज्याँ टॉडला, म्हणजे फेरारीच्या साहेबाला, मी आठवडाभर दुकानात शिव्या घातल्या. पिस्टन रिंग घ्यायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना पण हिशेब समजावून सांगायचो, त्यांना बिचाऱ्यांना काय पडलंय. पण हिशेब बघण्यासारखाच होता. १७ पैकी सहावी रेस. त्याच्या आधी शूमाकरचे ४४ पॉइंट, दोन नंबरला मोंटोया, २३. म्हणजे जवळपास डबल. पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, म्हणजे सगळा तमाशा ४ पॉइंटसाठी. आणि झालं काय, तर शूमाकरनं जुलैत फ्रान्सलाच चॅम्पियनशिप मारली, सहा रेस शिल्लक असताना! फेरारीचे वर्षाचे २२१ पॉइंट, बाकी सगळ्या टीमचे मिळून पण २२१. एवढं भरलेलं ताट, आणि त्यात दुसऱ्याच्या ताटातला घास.

टॉडची बाजू पण होती, तेव्हा मी ती बघितली नाही. ९७, ९८, ९९, तिन्ही वर्षी फेरारीचा माणूस शेवटच्या रेसला येऊन हरला होता, ९९ ला अर्वाइन तर दोनच पॉइंटनं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक पण फुंकतो. शिवाय टीम ऑर्डर, म्हणजे आपल्याच एका ड्रायव्हरला दुसऱ्यासाठी मागं राहा म्हणून सांगणं, देऊ नये असा नियमच तेव्हा नव्हता. दहा लाख डॉलरचा दंड झाला, त्यातला अर्धा लांबणीवर, तो पण कशाचा, तर पोडियमवर, त्या बक्षिसाच्या स्टेजवर, उभं राहण्याच्या जागा बदलल्या म्हणून! चोरी सोडून दिली आणि चोराला चप्पल उलटी ठेवली म्हणून धरला. पुढच्या वर्षीपासून मग टीम ऑर्डरवर बंदी घातली.

आता सप्टेंबर. गणपती.

आपल्या गल्लीच्या मांडवासमोर स्लो सायकल. तू पाचवीत, सोन्या तिसरीत. त्याला जुलैत कावीळ झालेली, महिना शाळा बुडाली, हाताच्या काड्या झालेल्या, कुणी खेळायला घेत नव्हतं म्हणून दिवसभर कट्ट्यावर बसून राहायचा. तू आधीची दोन वर्षं सलग पहिली. फक्कीच्या रेघा मारलेल्या, पाय टेकला की बाद, सगळ्यात शेवटी जो पोचेल तो पहिला. तुझ्या मागच्या चाकात हवा कमी होती. मी कोपऱ्यात पंप घेऊन बसलो, हवा भरता भरता तुझ्या कानात म्हणलं, "शेवटी तुम्ही दोघंच उरलात तर त्याला जिंकू दे, बरं वाटेल त्याला." तू विचारलंस, "मुद्दाम?" मी म्हणलं, "तू मोठी आहेस ना." तू काही बोलली नाहीस. व्हॉल्व्हचं टोपण बोटानं फिरवून घट्ट लावलंस, ते मला चांगलं आठवतंय, कारण ते मी आधीच लावलं होतं.

आणि नेमके तुम्ही दोघंच उरलात. सोन्या लटपटत होता, चाक इकडं चाक तिकडं, पण पाय टेकत नव्हता. आणि तू, रेघेच्या अलीकडं हातभर अंतरावर, सायकल उभी केलीस. उभी म्हणजे उभी. दोन्ही पाय पेडलवर, हँडल जरासं वाकडं, सायकल हलेना आणि तू पण हलेनास. सगळी गल्ली मोजायला लागली, एक, दोन, तीन. तू माझ्याकडं बघत होतीस. बारा की तेरा झालं आणि तू पेडल मारून रेघेपलीकडं गेलीस.

रुबेन्सनं जिंकू दिलं ते गाडी हळू करून, आणि तू दिलंस ते सायकल जोरात मारून. बाकी फरक काय होता सांग.

सोन्याला स्टीलचा डबा मिळाला, तुला कंपास. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मेमध्ये टीव्हीला चप्पल मारणारा माणूस, चार महिन्यांत. आणि मला त्या वेळी रुबेन्स आठवला पण नाही गं, शपथ. माझ्या लेखी ती रेस वेगळी, ती पैशाची होती, ही घरातली, मायेची. टॉडला पण आपलं ते मायेचंच वाटत असेल.

बऱ्याच वर्षांनी रुबेन्सनं सांगितलं की शेवटचे आठ लॅप रेडिओवर नुसती लढाई चालू होती, तो नाही म्हणत होता आणि ते ऐकत नव्हते. ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की तो आधी कुठं तरी, मागच्या एखाद्या वळणावर गपचूप बाजूला होऊ शकला असता, कॅमेरा पण धड नसता. पण त्यानं जागा निवडली ती फिनिश लाइनच्या तोंडाशी, सगळं पब्लिक समोर. सांगितलं ते केलं, पण कुणाचं काय घेतलं जातंय ते झाकलं नाही. तू ती सायकल उभी केलीस ना, ते मला आत्ता कळतंय. तेव्हा मी शेजारच्या काकांना म्हणालो होतो, "बॅलन्स बघा पोरीचा."

नंतर मी अशा किती रेस बघितल्या. २००८ ला चीनमध्ये फेरारीच्याच रायकोनेननं जोडीदार मासाला पुढं सोडलं, कुणी हू का चू केलं नाही, कारण रायकोनेनची स्वतःची चॅम्पियनशिप आधीच हातची गेली होती आणि मासाला एकेक पॉइंट लाखाचा होता (शेवटी एकाच पॉइंटनं गेली बिचाऱ्याची). मग २०१० ला हॉकेनहाइम, तोच मासा पुढं, मागं त्याच्याच टीमचा फर्नांडो अलोन्सो, आणि रेडिओवर त्याचा इंजिनिअर, "फर्नांडो तुझ्यापेक्षा फास्ट आहे, मेसेज कळला का, कन्फर्म कर." बरोबर वर्षापूर्वी त्याच तारखेला हंगेरीत त्याच्या हेल्मेटवर स्प्रिंग आदळून मरता मरता वाचलेला माणूस, त्याला हे ऐकवायचं. ७ पॉइंट अलोन्सोच्या खात्यात, एक लाख डॉलर दंड, आणि वर्षाच्या शेवटी अलोन्सो फेटलकडून ४ पॉइंटनं हरलाच. म्हणजे मासाचं गेलं ते गेलं, कुणाच्या पोटात पण पडलं नाही. आणि २०२४ ची हंगेरी तू पण बघितलीस की, मॅक्लारेनच्या नॉरिसला टीमनंच आधी पिटला बोलावून जोडीदार पियास्ट्रीच्या पुढं काढलं आणि मग कितीतरी लॅप रेडिओवर नुसती विनवणी, परत दे बाबा जागा. तीन लॅप राहिले तेव्हा दिली. तू मला मेसेज केलास, "देणाऱ्याचं तोंड बघा." मी अंगठा पाठवला.

तुझ्या ऑफिसात काय करायचं ते मला सांगता येणार नाही, मला तुझं काम नक्की काय आहे तेच अजून नीट कळत नाही. फक्त "जाऊ दे, असतं असं" हे मी म्हणायला नको होतं. कोणी पण म्हणावं, मी नाही.

आणि एक गोष्ट तू कधी विचारली नाहीस पण तुझ्या मनात असणार. तो मुलगा म्हणून? कावीळ तुला झाली असती आणि दोन वर्षं तो पहिला आला असता, तर मी त्याच्या कानात तेच बोललो असतो का? तीन दिवस झाले स्वतःला विचारतोय. हो म्हणायला तोंड उघडतो आणि येत नाही.

तो डबा अजून आहे. २०१९ च्या पुरात सगळं माळ्यावर टाकलं त्यात वाचला, कडी तुटलीय, आई त्यात मोहरी ठेवते. काल सोन्या आला होता मिरजेहून, पोराला दाखवत होता, हा माझा फर्स्ट प्राइज. मी म्हणलं आता सांगून टाकावं, किती दिवस ठेवायचं पोटात. म्हणलं, सोन्या, ती रेस तू जिंकला नव्हतास रे, मी सांगितलं होतं तिला.

तर म्हणतो, "मला तेव्हाच कळलं होतं की. ताई सायकल उभी करून थांबली होती, मी काय आंधळा आहे?"

मग बोलला का नाहीस, मी विचारलं.

तर म्हणाला, "तुम्ही टाळ्या वाजवत होता ना."

तुझा,
बाबा