‘प्राथमिक निवड’ म्हणजे नोकरी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रोजगार मेळाव्याच्या बातमीत ‘प्राथमिक निवड’ असे दोन शब्द असतात. ठाण्यात किंवा वाशीत मेळावा झाला की दुसऱ्या दिवशी अमुक शे उमेदवारांची प्राथमिक निवड झाल्याचे छापून येते. प्रत्यक्षात कंपनीच्या माणसाने बायोडेटा ठेवून घेतलेला असतो आणि ‘सोमवारी या’ म्हटलेले असते. सोमवारी किती गेले, किती रुजू झाले आणि तीन महिन्यांनी किती जण कामावर होते, हे पुढे कोणी छापत नाही. छापणार कुठून? मोजलेलेच नसते. खासगी संस्थांकडून चालवून घेतल्या जाणाऱ्या सरकारी कौशल्य आणि रोजगार योजनांचे दुखणे इथेच आहे.

आधी पैशांचा हिशेब पाहू. केंद्र सरकारने २०१५ मध्ये कौशल्य योजनांसाठी समान निकष लागू केले. अभ्यासक्रमांचे तीन गट पाडले आणि माणशी तासाला ३८.५०, ३३ व २७.५० रुपये असे दर ठरवले. त्या दराने पहिल्या गटातला २४० तासांचा कोर्स आणि ३० जणांची बॅच धरली तर २,७७,२०० रुपये होतात. बॅच सुरू झाली की ३० टक्के, परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळाले की ५० टक्के आणि नोकऱ्या लागल्यावर उरलेले २० टक्के, असे हप्ते तेव्हा ठरले. म्हणजे सगळी मुले पास झाली तर एकालाही कामाला न लावता प्रशिक्षण केंद्राच्या हातात २,२१,७६० रुपये येतात. उरलेले ५५,४४० पूर्ण मिळवायचे तर ७० टक्के, म्हणजे २१ मुले, कामाला लावून तीन महिने टिकवायची, त्यांचे कागद जमवायचे, मागे लागून फोन करायचे. त्यासाठी एक प्लेसमेंटवाला पगारावर ठेवला तर हे पंचावन्न हजार त्याच्यातच संपतात. त्यापेक्षा पुढची बॅच भरणे सोपे. यात लबाडी असावीच लागते असे नाही. सरळमार्गी केंद्रचालकही हाच हिशेब करील.

लबाडी झालीच नाही असेही नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ मधल्या तीन टप्प्यांचे लेखापरीक्षण कॅगने केले. त्यात ९४.५३ टक्के लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्ये, ‘लागू नाही’ असा शेरा किंवा कोरी जागा आढळली. उरलेल्यांतही एकच खाते क्रमांक अनेकांच्या नावावर होता. अल्पकालीन व विशेष प्रशिक्षणात प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी नोकरी लागली ती ४१ टक्क्यांना, आणि हा आकडाही मुळात योजनेच्याच नोंदींवरून काढलेला. पुढच्या टप्प्यात नोकरीची अट कडक होईल अशी अपेक्षा होती. झाले उलटे. नोकरीचा पाठपुरावा पहिल्या तीन टप्प्यांपुरता होता आणि चौथ्या टप्प्यात भर उमेदवाराने आपला मार्ग निवडण्यावर आहे, असे सरकार संसदेतल्या उत्तरांत सांगते. ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटरच काढून ठेवला!

कागदावरची ‘प्लेसमेंट’ कशी तयार होते, तेही सांगायला हवे. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ऑफर लेटर. लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवर वीस-पंचवीस पत्रे एका बैठकीत निघतात. ऑफर म्हणजे रुजू होणे नव्हे, हे फाईल तपासणाऱ्याला ठाऊक असते, पण त्याच्या तक्त्यात ‘पत्र जोडले आहे का’ एवढाच रकाना असतो. दुसरा मार्ग, आधीच कामावर असलेल्याला बॅचमध्ये बसवायचे आणि त्याचीच नोकरी दाखवायची. तिसरा मार्ग कायदेशीर असूनही सर्वांत वाईट: मुलांना खरोखर कामावर पाठवायचे, पण अशा ठिकाणी की ती टिकणारच नाहीत. प्रशिक्षण कळव्यात, काम भिवंडीच्या गोदामात. पाळी रात्री उशिरा सुटते, माणकोली किंवा वळ गावाहून तेव्हा परतीचे वाहन मिळत नाही, शेअर रिक्षाला रोजचे पैसे जातात आणि पगारातून एजन्सीचा कट वेगळा. महिन्याभरात मुलगा घरी येतो. केंद्राच्या नोंदीत त्याने ‘स्वतःहून नोकरी सोडली’.

हे पकडायला नवे पोर्टल, नवे अ‍ॅप काही लागत नाही. पीएफची माहिती पुरेशी आहे. आस्थापना दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पीएफचे विवरण भरते. त्यात प्रत्येक कामगाराचा १२ आकडी यूएएन (कायमचा पीएफ क्रमांक), पगार आणि ‘एनसीपी दिवस’ असतात. एनसीपी म्हणजे ज्या दिवसांचा पगार, आणि म्हणून वर्गणी, मिळालेली नाही ते दिवस. महिन्यात एनसीपी २४ असेल तर तो माणूस फार तर आठवडाभर कामावर होता, मग ऑफर लेटर कितीही रंगीत असो. सलग तीन महिने, एकाच आस्थापना कोडखाली, एनसीपी जवळजवळ शून्य, तरच नोकरी टिकली म्हणावे. कोड कंपनीचा आहे की कॉन्ट्रॅक्टरचा, हेही त्यातच कळते. मर्यादा एवढीच की २० पेक्षा कमी माणसांच्या दुकानांना पीएफ सहसा लागू नसतो. तिथे १० माणसांपासून ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) क्रमांक पाहता येतो आणि त्याहून लहान ठिकाणी पगार जमा झालेल्या बँक पासबुकाची तीन पाने.

नुसते ‘नोकरी टिकली तरच पैसे’ केले म्हणजे सुटले, असेही कोणी समजू नये. ब्रिटनने जून २०११ मध्ये ‘वर्क प्रोग्रॅम’ सुरू केला. दीर्घकाळ बेकार असलेली माणसे खासगी कंत्राटदारांकडे सोपवली आणि बहुतांश रक्कम माणूस १३ किंवा २६ आठवडे कामावर राहिल्यावर द्यायचे ठरवले. सर्वांत अवघड गटासाठी दर माणशी १३,७०० पौंडांपर्यंत होता. पहिल्या १४ महिन्यांत टिकाऊ नोकरी मिळाली ३.६ टक्के लोकांना. तिथल्या सरकारी खात्याची अपेक्षा ११.९ टक्क्यांची होती. ज्यांना कदाचित आपले आपण काम मिळाले असते त्यांच्यावर मेहनत घ्यायची, आजारी, अपंग आणि जास्त वयाची माणसे नुसती नोंदवहीत ठेवायची, असा कंत्राटदारांचा कल दिसला. मलई वरच्या वर काढायची, भांडे तसेच. २०१७ मध्ये तिथे नव्या माणसांची नोंदणी थांबवली गेली.

आपल्याकडे या नोंदवहीत कोण पडून राहील ते ठाणे-बेलापूर रस्त्यावर सहज दिसते. कारखाना बंद पडलेला पंचेचाळिशीचा ऑपरेटर, मुले मोठी झाल्यावर पुन्हा काम शोधणारी बाई. पहिल्याला तर योजनांच्या वयाच्या अटीतच जागा नसते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ३५ व्या वर्षी दार लावते. त्या योजनेत विद्यावेतन सरकार भरते: बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना. काम आस्थापनेचे आणि मुदत संपल्यावर त्याच मुलाला ठेवण्याचे बंधन नाही. मग जुन्याला ठेवण्यापेक्षा नवा फुकटचा प्रशिक्षणार्थी घेणे कोणाला नको वाटेल? याच्या तुलनेत १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा बरा. त्यात ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, लेखी करार नोंदवावा लागतो आणि विद्यावेतनाचा मोठा वाटा साधारणपणे मालकाच्या खिशातून जातो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळे, महापे, तुर्भ्यात या कायद्याची नीट अंमलबजावणी झाली तरी अर्धी केंद्रे लागणार नाहीत, असे माझे मत आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा कौशल्य समितीने दर तिमाहीला केंद्रवार एक पानाचा तक्ता प्रसिद्ध करावा. किती दाखल, किती उत्तीर्ण, किती रुजू आणि ९० दिवसांनी किती कामावर. पस्तिशीच्या वरचे आणि स्त्रिया यांची ओळ वेगळी. नोकरीशी जोडलेला शेवटचा हप्ता २० ऐवजी ५० टक्के करण्याची शिफारस शासनाकडे पाठवावी. पडताळणी केंद्राने स्वतः करू नये, प्रमाणपत्र देणाऱ्या उद्योगांच्या कौशल्य परिषदेनेही करू नये. शासकीय आयटीआयच्या प्लेसमेंट कक्षाला माणूस आणि फोन देऊन ती करून घ्यावी. आणि त्या तक्त्यात कॉन्ट्रॅक्टरमार्फत लागलेल्यांचा रकाना वेगळा असावा, त्याच्या शेजारी सरासरी एनसीपी दिवस.

— एक निवृत्त शिल्पनिदेशक (आयटीआयमधील प्रशिक्षक), वागळे इस्टेट, ठाणे