फोटोखाली आमचं नाव पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मालिकांमधल्या खाष्ट बायकांवर अर्धं पान आलं होतं. त्यात खाली डाव्या कोपऱ्यात माझा फोटो होता, हिरवं लुगडं, नाकात नथ, एक भुवई वर. फोटोखाली लिहिलेलं 'कारस्थानी आत्याबाई'. बास एवढंच. ज्या दोघीतिघी मोठ्या आहेत त्यांची मालिकेतली नावं ठळक आणि कंसात खरी नावं होती, माझ्या कंसात कोणीच नव्हतं, म्हणजे कंसच नव्हता.

मी भांडायला लिहित नाहीये. फोटो आला याचा आनंदच झाला, आईने तर कात्री घेऊन कात्रण कापलं आणि तिच्या वहीत चिकटवलं. तिचं वय ८१, हात थरथरतो, पण तिने निळ्या पेनाने त्या आत्याबाईखाली माझं नाव आडनावासकट लिहिलं आणि मग मला विचारलं, "यांना माहीत नव्हतं का गं?" मी म्हटलं जागा नसेल. ती म्हणाली कंसाला किती जागा लागते. त्यावर मला उत्तर सुचलं नाही म्हणून हे पत्र.

मी सव्वीस-सत्तावीस वर्षं या लाईनीत आहे. त्याआधी राज्य नाट्य स्पर्धा, हौशी ग्रुप, दौऱ्यावरची नाटकं, त्यात अर्धा वेळ बॅकस्टेजला इस्त्री आणि प्रॉपर्टी सांभाळण्यात गेला. आमच्या लहानपणी चाळीत एकाच घरी टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा मी पाळण्यात होते, पण नंतर संध्याकाळी त्या एका घरात पंचवीस माणसं चपला बाहेर काढून बसायची ते चांगलं आठवतं. तेव्हा बातम्या देणाऱ्यांची पण नावं लोकांना पाठ असायची. स्मिता पाटील आधी दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या हे आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या अशा थाटात सांगायच्या की जणू यांनीच चिठ्ठी देऊन पाठवलं होतं तिला. दिलीप प्रभावळकरांना रस्त्यात चिमणराव म्हणून हाक मारणारे होतेच, पण प्रभावळकर हे नाव माहीत नाही असा माणूस मला तरी भेटला नाही. मालिका आठवड्यातून एकदा यायची, तेरा भागात संपायची, आणि सुरुवातीला पाट्या पडायच्या एकेक करून, तेवढा वेळ सगळे गप्प बसून वाचायचे.

मग १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं (तेच आताचं झी मराठी), पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी आलं, आणि आमच्यासारख्यांच्या घरात पहिल्यांदा महिन्याला काहीतरी ठरलेलं यायला लागलं. हे मी विसरत नाही. डेली सोपला नावं ठेवणं सोपं आहे, नाटकवाले मित्र तर चहा पिता पिता ठेवतात आणि मग हळूच विचारतात की तुमच्याकडे काही आहे का बघ ना. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांच्या वर एपिसोड चालली. त्यावर किती मेकअपवाले, लाईटवाले, ड्रेसवाले, स्पॉटदादा यांची मुलं शिकली असतील त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

पण काम म्हणजे नेमकं काय ते वाचकांना कळावं म्हणून एक दिवस सांगते. सातचा कॉल असला की मी डोंबिवलीहून पाचला निघते, घोडबंदरला कुठेतरी बंगला नाहीतर गोडाऊनमधला सेट. पोचल्यावर कळतं की सीन अजून आलेला नाहीये. लेखक रात्रभर जागून लिहितोय, त्याच्याही डोक्यावर चॅनलचे चार जण बसलेत. साडेदहाला व्हॉट्सअॅपवर तीन पानं येतात, अकराला त्यातलं एक पान बदलतं. बारा तासांची शिफ्ट, एपिसोडची बँक (म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड) संपलेली असली की ती चौदावर कधी जाते ते घड्याळालाही कळत नाही. आधी मास्टर होतो, म्हणजे सगळ्यांचा मिळून अख्खा सीन, मग प्रत्येकाचे क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचे शॉट. माझा क्लोज येईपर्यंत समोरची हिरोईन दुसऱ्या युनिटला गेलेली असते आणि तिची वाक्यं असिस्टंट मुलगा वाचतो, "आत्या तुम्ही माझं आयुष्य उद्ध्वस्त केलंत", असं, म्हणजे वाण्याची यादी वाचल्यासारखं, एका हातात क्लिपबोर्ड आणि एका हातात वडापाव. आणि मी त्याच्याकडे बघून भुवई वर करायची. दिग्दर्शक म्हणतो मॅडम एक उजवीकडे बघून पण द्या, एक खाली बघून, एक नुसतं हसून, एडिटला लागलं तर असू देत. एकदा बसून हिशेब केला तर तीन वर्षांत त्या एका भुवईने जेवढं काम केलं तेवढं माझ्या बाकी सगळ्या शरीराने मिळून केलं नाही.

याला अभिनय म्हणायचं का? मी म्हणते. त्या वडापाववाल्या मुलाकडे बघून तुम्हाला सूनच दिसली पाहिजे आणि घरी बसून बघणाऱ्या बाईला माझा खरोखर राग आला पाहिजे. निळूभाऊ फुल्यांना बायका भर रस्त्यात शिव्या द्यायच्या आणि ते त्याला पावती मानायचे असं सगळे सांगतात. मला पण पावत्या मिळाल्या. एकदा ट्रेनमध्ये एका मावशींनी माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की दोन दिवस वळ होता, आणि वर म्हणाल्या, "त्या पोरीला छळतेस होय गं?" नंतर त्यांनीच डब्यातलं थालीपीठ दिलं, खा म्हणाल्या, बारीक दिसतेस टीव्हीपेक्षा. हे चालतं मला. रील्सखाली जी माणसं माझ्या मेलेल्या वडिलांचा उद्धार करतात ते नाही चालत, पण ते वाचायचं नाही असं मुलाने बजावलंय आणि मी गुपचूप वाचते.

आता बँकेतली गोष्ट, कारण हे पत्र खरं तर तिथूनच सुरू होतं. केवायसी अपडेट करायला गेले होते. काउंटरवरच्या मुलाच्या हातात माझं आधार कार्ड, पॅन कार्ड, पासबुक, तिन्हीवर माझं नाव. त्याने नाव वाचून कॉम्प्युटरमध्ये टाइप केलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि मागे वळून ओरडला, "अरे आत्याबाई आल्यात!" सगळे उठून आले, सेल्फी झाले, मॅनेजर साहेबांनी चहा मागवला, खूप प्रेमाने वागली ती माणसं. निघताना त्या मुलाने विचारलं, मॅडम तुमचं खरं नाव काय हो? माझी तिन्ही कार्डं त्याच्याच हातात होती.

मी तेव्हा हसले, घरी येऊन सगळ्यांना नक्कल करून दाखवली, पार्टी पीस झाला तो माझा. पण खरं सांगू का, मलाही ते नाव चिकटलं होतंच आणि सोडवत नव्हतं. गेल्या वर्षी टीआरपी घसरला, दर गुरुवारी आकडे येतात आणि गुरुवारी सेटवर सगळ्यांचे चेहरे दहावीच्या निकालासारखे असतात, तर अशाच एका गुरुवारी संध्याकाळी ईपीचा (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरचा) फोन आला की मॅडम ट्रॅक बदलतोय, सोमवारी आत्या जिन्यावरून पडणार. मी विचारलं किती दिवस हॉस्पिटल? तो म्हणाला, नाही नाही, पडणार म्हणजे जाणारच. तीन वर्षं दोन महिने आणि मग चार वाक्यात संपलं. त्याचाही दोष नाही, त्याला वरून तसंच सांगितलेलं.

मग त्यांनी माझा एक फोटो मागितला, हार घालून भिंतीवर लावायला. मी भाच्याच्या लग्नातला पाठवला, त्यात मी छान हसतेय. तो फोटो पुढचे चार महिने त्या दिवाणखान्यात लटकत होता, सून रोज त्याच्यासमोर उभं राहून बोलायची, म्हणजे मी रोज टीव्हीवर दिसत होते, आणि फोटोला पर डे, म्हणजे दिवसाचे पैसे, मिळत नाही. आईने पहिल्या दिवशी हार बघितला आणि टीव्ही बंद करून देवापाशी दिवा लावला. त्यानंतर तिने ती मालिका बघितली नाही. उरलेला चेक घ्यायला मी सेटवर गेले तेव्हा आर्टच्या मुलाने विचारलं, मॅडम फ्रेम हवी का, आता लागणार नाही. प्लॅस्टिकचा झेंडू तसाच होता त्यावर. झेंडू काढून फ्रेम घेऊन आले, घरात अजून कपाटामागे आहे, लावायचं धाडस होत नाही आणि टाकवत पण नाही.

चेकवरून आठवलं, बाहेर लोकांना वाटतं आम्ही रोज नोटा मोजतो. लीड असेल तर ठीक, चांगले मिळतात. आमच्यासारख्यांना ज्या दिवशी बोलावलं त्या दिवसाचे मिळतात, महिन्यात बारा दिवस लागले तर बारा दिवसांचे, आणि आज केलेल्या कामाचा चेक नव्वद दिवसांनी, टीडीएस कापून. ना पीएफ ना ग्रॅच्युइटी. बारा दिवसच काम असलं तरी बाकीचे अठरा दिवस दुसरीकडे द्यायचे तर डेट्स जुळत नाहीत, दाढीमिशीवाल्यांचं तर अजून वाईट, लुक बदलता येत नाही. होम लोनच्या अर्जात व्यवसाय 'अभिनय' लिहिला की समोरचा माणूस आधी खूष होतो आणि मग फाईल बाजूला ठेवतो.

लॉकडाऊनमध्ये मार्च २०२० ला शूटिंग बंद झालं, उन्हाळ्यानंतर परवानगी आली तर त्यात अट होती की पासष्टच्या पुढच्यांनी सेटवर यायचं नाही. आमच्या मालिकेतले आजोबा घरीच बसले. मला रोज फोन करायचे, आज काय सीन होता गं, माझ्याबद्दल काय बोलता तुम्ही सीनमध्ये? लेखकांनी आजोबांना गावाला पाठवलेलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली तेव्हा या माणसाने मला सकाळी सहाला उठवून बातमी वाचून दाखवली. परत आले तेव्हा फेसशिल्ड लावून मेकअप रूममध्ये बसले होते आणि आरशाला हात लावून बघत होते. त्यांना पैशाची तेवढी गरज नव्हती, दोन्ही मुलं सेटल आहेत. त्यांना फक्त कॉल टाइम हवा होता. मी तेव्हा हसले होते त्यांना.

मला कळलं माझी आत्या मेल्यावर. सात महिने काम नव्हतं. पहिले दोन महिने लोक ओळखायचे, मग हळूहळू कमी झालं. आणि मी, जी तीन वर्षं तोंडाला स्कार्फ बांधून लेडीज डब्यात बसायची, तीच मी स्कार्फ काढून बसायला लागले. एकदा तर फोनवर मुद्दाम मोठ्याने बोलले, आत्याबाईच्या त्या ठसक्यात, कोणी वळून बघतंय का म्हणून. एका मुलीने बघितलं. म्हणाली, काकू जरा हळू बोला ना. लिहिताना लाज वाटतेय पण झालं ते झालं.

म्हणून मी पब्लिकला दोष देत नाही. त्यांनी पात्रावर प्रेम केलं, राग केला, ते पात्र आम्हीच त्यांच्या घरात रोज रात्री नेऊन बसवलं. आजकाल मालिकेच्या शेवटी नावं येतात ती पण अर्ध्या स्क्रीनवर मुंग्यांसारखी पळतात आणि उरलेल्या अर्ध्यात पुढच्या मालिकेचा प्रोमो. चष्मा लावून पॉज केलं तरी आईला वाचता येत नाहीत. चॅनलला सांगून काही होणार नाही, त्यांना सेकंदाचे पैसे मिळतात. पण पेपर थांबवून वाचता येतो. तुम्ही फोटो छापता तेव्हा ओळ लिहिणाऱ्या मुलामुलीला एवढंच सांगा की पात्राचं नाव लिहिलं की कंसात माणसाचं पण लिही. माहीत नसेल तर फोन करून विचार, आम्ही फोन उचलतो, सात महिने घरी बसलेला कलाकार तर पहिल्या रिंगला उचलतो. फक्त आमचंच नाही, सेटच्या फोटोत मेकअपदादा दिसतात, कॅमेऱ्यामागचा माणूस दिसतो, त्यांच्याखाली पण 'सेटवरील एक क्षण' असं लिहिता तुम्ही.

आणि हो, लेख चांगला होता, फक्त त्यात लिहिलंय की आत्याबाईने सुनेला विष दिलं. विष मी नाही दिलं, ते जाऊबाईंनी. मी फक्त दूध नेऊन दिलं होतं, मला माहीत नव्हतं त्यात काय आहे. तेवढी दुरुस्ती छापली तर बरं होईल.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली

ता.क. : पत्र छापलंत तर माझं नाव कृपया देऊ नका. गेल्या महिन्यापासून नवीन मालिका सुरू झालीये (यावेळी प्रेमळ मावशी आहे), आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय की परवानगीशिवाय प्रेसशी बोलायचं नाही. सोबत नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर दिलाय, तो फक्त तुमच्या माहितीसाठी. आईला मी अंक दाखवीन, पेन तिच्याकडे आहेच.