शनिवारची चाचणी बैठक: फोनची भाषा मराठी करूनच या

सर्व सभासदांना कळवण्यात येते की येत्या शनिवारी सकाळी १० ते १ या वेळेत, नेहमीच्या खोलीत, अँड्रॉइड अ‍ॅपची सामूहिक चाचणी आहे. रिलीज बिल्डच आणा, म्हणजे वापरणाऱ्यांना द्यायची अंतिम आवृत्ती. डीबग बिल्ड, म्हणजे स्वतःच्या तपासणीसाठीची आवृत्ती, चालणार नाही. रिलीजमध्ये आर-एट हे कोड आटोपशीर करणारं साधन क्लासची (कोडमधल्या घटकांची) नावं बदलतं, न वापरलेला कोड काढतं, आणि रिफ्लेक्शनवर (अ‍ॅप चालू असताना क्लास नावानं शोधण्यावर) चालणारा भाग नेमका तिथेच कोसळतो.

घरून निघण्यापूर्वी:
- फोनच्या सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डीबगिंग (संगणकावरून फोनमधलं अ‍ॅप तपासण्याची सोय) चालू करा. केबल डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची नको.
- फोनची भाषा मराठी, अक्षरं सर्वांत मोठी. ‘र्की’वरचा रफार आणि वेलांटी कापली जाते का, ते बघायचंय.

भाषेचा मुद्दा कृपया हलक्यात घेऊ नका. मराठी लोकेलमध्ये (फोनची भाषा-प्रदेशाची निवड) सिंपल-डेट-फॉरमॅट हे तारीख मांडणारं साधन तारीख देवनागरी अंकांत लिहितं. ‘२०२५-०६-०१’ तशीच सर्व्हरकडे गेली, की तिथे ती वाचताच येत नाही. इंग्रजी फोनवर हा दोष कधीच दिसत नाही, म्हणून तो थेट वापरणाऱ्यापर्यंत पोचतो. सर्व्हरकडे जाणाऱ्या तारखेला लोकेल-रूट (कुठल्याही भाषेशी न बांधलेलं लोकेल) द्या. पडद्यावरची मराठीच राहू द्या.

आणखी एक विनंती. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक गूगल प्ले डेव्हलपर खात्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्यापूर्वी क्लोज्ड टेस्टिंगसाठी (ठरावीक लोकांपुरती चाचणी) किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस लागतात. नाव नोंदवलंत तर मध्येच बाहेर पडू नका, सहकाऱ्याचं अ‍ॅप अडकतं. नावं गुरुवार रात्रीपर्यंत गटावर कळवा.