तास संपल्यावर सर थांबले पाहिजेत

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी २००३ ला बार्शीकडच्या एका गावातून पुणे विद्यापीठात एमएस्सीला आलो, सावित्रीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं ते नंतर, २०१४ ला. घरात पदवीपर्यंत पोचलेला मीच पहिला, त्यामुळे काय विचारायचं हेच कळायचं नाही. कमवा आणि शिका योजनेत विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात पुस्तकं पुसून रॅकला लावायचं काम मिळालं आणि खरं सांगतो माझं निम्मं शिक्षण तिथंच झालं, कारण सोबतचे सिनियर प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेला काय वाचायचं, संशोधनासाठी कुठल्या गाईडकडे जागा आहे, हॉस्टेलचा अर्ज कधी टाकायचा सगळं हात चालवता चालवता सांगायचे.

माझा पहिला सेमिनार पार फसला. इंग्रजीत अडखळलो आणि मधेच खाली बसलो. संध्याकाळी मॅडमनी केबिनमधे बोलावलं, आता बोलणी बसणार म्हणून घाबरत गेलो तर त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, हेच सगळं मराठीतून सांग बघू. मी वीसेक मिनिटं बोलत होतो, त्या पेन्सिलीने मुद्दे उतरवत होत्या. शेवटी तोच कागद हातात दिला, म्हणाल्या विषय तुला येतोय रे, भाषा येईल दोन महिन्यात. आज मी औषध कंपनीच्या लॅबमधे आहे आणि तो कागद अजून माझ्या फाईलीत आहे.

माझी भाची आता शहरातल्याच एका कॉलेजात शिकते. प्रोजेक्टचं विचारायला गेली की सर तास संपताच बॅग उचलून निघतात म्हणून चिडली होती. मी म्हटलं अगं त्यांचा काय दोष, ते तासिका तत्त्वावर आहेत, जितके तास घेतले तितकेच पैसे, पुढचा तास हडपसरला दुसऱ्या कॉलेजात आणि पेट्रोल स्वतःचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमात पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याचे ४० तास काम आणि त्यातले १६ तास शिकवणं आहे, बाकीच्या वेळातच तर पोरं केबिनमधे येऊन बसतात ना! तासिकावाल्या सरांना ना तो वेळ ना ती केबिन. आणि ज्याच्या घरी विचारायला कोणी आहे त्याचं एकवेळ भागतं, गावाकडून आलेल्या पोरानं कुणाकडे जायचं?

सरकारने रिकाम्या जागा पूर्णवेळ भराव्यात ही माझी पहिली मागणी. पण तोवर आपणही हात लावू शकतो. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून पुण्यात खेड्यातल्या पोरांना आधार देते आहे, ती लोकांच्याच मदतीवर उभी राहिली. कॉलेजांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना नुसतं मेळाव्याला आणि देणगीला न बोलावता महिन्यातून एक दुपार पोरांसोबत बसायला बोलवावं, भाषण नको, समोरासमोर, अर्ज बघायला, मुलाखतीची तयारी करून घ्यायला. मला शनिवारी सुट्टी असते, कुठल्याही कॉलेजने बोलावलं तर मी येतो.

एक माजी विद्यार्थी, कोथरूड, पुणे