पंप उतरवण्याआधी गेज लाव

साखळी, गोवा
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोन अर्ध्यातच तुटला. पावसात इथली रेंज म्हणजे पाहुणी, कधी येईल कधी जाईल नेम नाही. पण तू म्हणालास तेवढं पुरे झालं: गाडी सपाटीला बरी पळते, लोड घेऊन चढाला लागली की दम तोडते, आणि गॅरेजचा मेस्त म्हणतो डिझेल पंप उतरवून बेळगावला दुरुस्तीला पाठवू. थांब रे. दोन दिवस थांब.

माझ्या टिपरची कथा तुला अर्धीच माहीत आहे. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा तो परसात उभा राहिला, २०१८ च्या मार्चात पुन्हा. आता चिरे आणि खडी वाहतो. अर्धी रिकामी टाकी आणि आपली दमट हवा, मग आत पाणी धरतंच. तळाला गंज, आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे शेवाळासारखा काळा बुळबुळीत थर. असा टिपर अनमोडच्या घाटात गचकला. मी शहाणा, थेट पंप उतरवून नेला. त्यांनी खोलला, आतले एलिमेंट (दट्टे) बदलले, बिल दिलं, आणि गाडी त्याच वळणावर तशीच मेली. दुकानाचं नाव घेत नाही. ‘पंप बघा’ असं मीच सांगितलं होतं, त्यांनी पंप बघितला.

मग उसगावच्या एका म्हाताऱ्या मेस्तने मला गेज लावायला शिकवलं. आपल्या जुन्या इनलाइन पंपाला, म्हणजे नोझलना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपाला, डिझेल ढकलून देतो तो बाजूचा छोटा फीड पंप. फिल्टर आणि मोठा पंप यांच्यामध्ये बँजो बोल्टपाशी (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड बसवायचा, तिला ० ते ४ किलोचं (चौरस सेंटिमीटरला) प्रेशर गेज. तांब्याचे वॉशर नवे घाल, जुने गळतातच. मग फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करून फीड पंपावरचा हँडपंप मार, बुडबुडे थांबेपर्यंत. साधारण १ ते १.५ किलो प्रेशर पाहिजे, पण तुझ्या पंपाच्या पुस्तकात लिहिलेला आकडा खरा. गेजवर पीएसआय असेल तर १ किलो म्हणजे १४ धर.

उभ्या गाडीवर रेस देऊन काटा छान दिसला म्हणून खूश होऊ नकोस. मीही झालो होतो. लांब नळी लावून गेज काचेच्या बाहेर वायपरला बांधलं (केबिनमध्ये डिझेल आणायचं नाही), खडी भरली आणि मोलेंच्या पुढे चढाला लागलो. शेजारी भाचा काटा वाचत होता. १.३, १.१, ०.८... ०.४ वर आला आणि इंजिन मेलं. पंप बिचारा उपाशी होता रे!

मग टी फिल्टरच्या अलीकडे हलवली. तिथे प्रेशर चांगलं आणि पलीकडे कमी असतं तर फिल्टर चोंदलेला. माझ्याकडे दोन्हीकडे कमी. म्हणून टाकीची लाइन सोडली, फीड पंपाची सक्शन नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवली, कॅन बाहेर पक्का बांधला आणि तोच चढ पुन्हा. काटा १.३ वर ठाम! म्हणजे दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधे. शोधलं तर काय, रबरी नळी बाहेरून नवीकोरी, आतला पदर सुटून लोंबत होता. डिझेलची ओढ वाढली की तो आत चिकटून वाट बंद करायचा. हातभर नळी, बाळू, आणि मी पंपाचे पैसे मोजून बसलो होतो.

कॅनवरही काटा पडला तर दोष फीड पंपात किंवा जादा डिझेल परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये. रिटर्नची नळी क्षणभर दाबून बघ. काटा उसळला तर व्हॉल्व्ह डिझेल परत सोडतोय. सक्शनला एअर धरत असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, तिथे हातभर पारदर्शक नळी लाव, बुडबुडे दिसतील.

एक मात्र ऐक. हे गेज फक्त या बाजूला. नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांत २०० किलोच्याही वर प्रेशर जातं, तिथली गळती बोटाने चाचपू नकोस. फवारा कातडीतून आत जातो, वर टाचणीएवढी खूण, आत बोट सडतं. लागलंच तर दुखायची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

गेज आणि टी शनिवारी सावंतवाडीच्या गाडीतून पाठवतो, बांद्याला उतरवून घे. तुझ्या बँजो बोल्टचा साईज कळव, माझ्याकडे दोनच आहेत. आणि ते जॅकसारखं करू नकोस. तू जॅक नेलास त्याला चवथीला वर्ष होईल, अजून परत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विठू